साथीच्या काळात प्रवासाचे नियम: अडवणार कोण, आणि कुठल्या कागदावर?

२६ नोव्हेंबर २०२१. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या नव्या अवताराला ओमायक्रॉन हे नाव दिलं. त्याच दिवशी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा १५ डिसेंबरपासून पुन्हा सुरू होणार, असं भारतात जाहीर झालं. २८ तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परदेशातून येणाऱ्यांसाठी सुधारित नियम काढले. ते १ डिसेंबरपासून, मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने लागू होणार होते. ३० तारखेला महाराष्ट्राने स्वतःचा आदेश काढला आणि तो केंद्रापेक्षा कडक निघाला. जोखमीच्या देशांतून आलेल्यांना सात दिवस संस्थात्मक क्वारंटाइन, शिवाय दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी. दुसऱ्या राज्यातून विमानाने येणाऱ्याला ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर, मग लशीचे दोन डोस झालेले असोत वा नसोत. १ डिसेंबरला केंद्रीय आरोग्य सचिवांचं पत्र आलं: तुमचे नियम आमच्या नियमांशी जुळत नाहीत, जुळवून घ्या. १५ डिसेंबरची विमानसेवाही त्याच दिवशी लांबणीवर पडली. २ डिसेंबरला महाराष्ट्राने आदेश बदलला. कडक क्वारंटाइन दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना आणि झिम्बाब्वे या तीन देशांपुरता राहिला आणि देशांतर्गत विमानप्रवाशाला दोन डोस किंवा ७२ तासांच्या आतली चाचणी, यांपैकी एक पुरेसं झालं.

एका आठवड्यात इतकं घडलं आणि यातली प्रत्येक बातमी छापून आली त्या दिवशी खरीच होती. ३ डिसेंबरला दिल्लीहून मुंबईला निघालेल्या, दोन डोस झालेल्या माणसाने ३० तारखेची बातमी वाचून घाईने चाचणी केली असेल, तर त्याचे पैसे वाया गेले. दुबईहून येणाऱ्याने २८ तारखेची वाचून तेवढ्यावर विश्वास ठेवला असेल, तर मधले दोन दिवस तो चुकीच्या तयारीत होता. बातम्या दोघांनीही मन लावून वाचल्या होत्या. चूक प्रश्नात होती. ‘सध्या नियम काय आहे?’ या प्रश्नाला साथीच्या काळात एक उत्तर नसतंच. त्याऐवजी घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर विचारायचं: इथे मला कोण अडवू शकतो, आणि तो कुठला कागद बघून अडवेल?

एका रोगाचे इतके मालक का?

याचं मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. बंदरावरचं क्वारंटाइन आणि आंतरराज्य क्वारंटाइन हे विषय केंद्राच्या सूचीत येतात. सार्वजनिक आरोग्य राज्याच्या सूचीत. संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडेही. त्यावर कायदे दोन. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईत प्लेग आल्यावर इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला आणि मुख्यतः राज्यांच्या हातात अधिकार देणारा. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० पासून लागू केला. दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी केंद्राने त्याच्या आधारे आणली. पण याच कायद्याने राज्य पातळीवर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरणही उभं केलं आहे. मोठ्या शहरांत महापालिका आयुक्तांचे आदेश वेगळे.

म्हणून विमानातून उतरल्यावर पहिलं टेबल केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्याचं, दुसरं राज्याचं किंवा महापालिकेचं, आणि घरी पोहोचल्यावर फोन वॉर्ड ऑफिसचा, हा अनुभव अनेकांना आला. त्यात गोंधळ नव्हता असं नाही, पण तो गोंधळ कायद्यातच बसलेला आहे. पुढच्या साथीतही तो तसाच असेल असं धरून चालावं.

वरच्या पायरीने सवलत दिली म्हणजे खालचीनेही दिली, असं गृहीत धरणं ही सर्वांत नेहमीची चूक. केंद्राच्या अनलॉक आदेशांत आंतरजिल्हा आणि आंतरराज्य प्रवासावर वेगळ्या परवानगीची गरज नाही असं लिहून आलं, तरी महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ई-पास ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत लागतच होता. तो २ सप्टेंबरपासून बंद झाला. आठ महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ नावाच्या निर्बंधांच्या आदेशाबरोबर पुन्हा आला. अंत्यविधी, कुटुंबातलं गंभीर आजारपण, वैद्यकीय तातडी किंवा अत्यावश्यक सेवा एवढीच कारणं चालत आणि नियम मोडला तर दंड दहा हजार रुपये.

नियम नेहमी सरकारच करतं असंही नाही. गोव्यात १० मे २०२१ पासून ७२ तासांच्या आतल्या निगेटिव्ह दाखल्याशिवाय प्रवेश नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ठरवलं. सरकारी संकेतस्थळ रोज बघणाऱ्यालाही ते वेळेत कळलं असतंच असं नाही.

काउंटरवरचा माणूस काय वाचतो

आंतरराष्ट्रीय प्रवासात तुम्हाला सर्वांत आधी अडवणारा माणूस सरकारी नसतो. तो विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर असतो. व्हिसा-पासपोर्टाविना प्रवासी आणून सोडला तर दंड विमान कंपनीला बसतो. भारतात २००० सालच्या कायद्याने हा दंड माणशी एक लाख रुपये ठेवला होता, आणि बहुतेक देशांत अशी तरतूद आहे. त्यामुळे कंपनी शंकेचा फायदा प्रवाशाला देत नाही, ती सरळ नाही म्हणते.

हा कर्मचारी वर्तमानपत्र वाचून निर्णय घेत नाही. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयाटाचा, ‘टिमॅटिक’ नावाचा माहितीसाठा असतो. तुमचं नागरिकत्व, निघण्याचं ठिकाण, मधले थांबे आणि अंतिम मुक्काम त्यात भरला की कुठले कागद लागतात ते येतं. कर्मचारी तेच बघतो. सामान्य प्रवाशालाही ही माहिती आयाटाच्या किंवा अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर आपले तपशील भरून बघता येते. दूतावासाचं पान वाचावं, पण निघण्यापूर्वी टिमॅटिकमधलं उत्तर बघितल्याशिवाय राहू नये, कारण काउंटरवर वाद त्या पडद्याशी होणार असतो. दोन्हींत तफावत दिसली तर दूतावासाच्या पानाची तारखेसह छापील प्रत बरोबर ठेवा आणि आदल्या दिवशीच विमान कंपनीला लेखी विचारा. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ काउंटरवर दाखवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेबद्दलही एक गैरसमज आहे. ही संघटना सीमा उघडत नाही आणि बंदही करत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ प्रमाणे ती शिफारस करते. एखाद्या देशाने त्यापलीकडे जाऊन प्रवास मोठ्या प्रमाणात रोखणारे उपाय केले, तर ते लागू केल्यापासून ४८ तासांत संघटनेला कळवायचे आणि त्यामागचं कारण द्यायचं, एवढं बंधन आहे. तिच्या पानावर ‘सरसकट प्रवासबंदीची शिफारस नाही’ असं वाचून कुणी तिकीट काढू नये.

घड्याळ कुठून सुरू होतं?

‘७२ तासांच्या आतला रिपोर्ट’ हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या क्षणापासून ७२ तास, आणि कुठल्या क्षणापर्यंत? इथेच सर्वांत जास्त माणसं अडकली, म्हणून हे नीट बघू.

सुरुवातीचा क्षण दोनपैकी एक असतो: स्वॅब घेतला ती वेळ किंवा रिपोर्ट निघाला ती वेळ. शेवटचा क्षण तीनपैकी एक: निघण्याची वेळ, उतरण्याची वेळ किंवा सीमा ओलांडण्याची वेळ. महाराष्ट्राच्याच दोन आदेशांत फरक बघा. २३ नोव्हेंबर २०२० च्या आदेशात दिल्ली परिसर, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांसाठी नमुना घेतल्याची वेळ धरली होती. विमान असेल तर उतरण्याच्या नियोजित वेळेआधी ७२ तास, रेल्वे असेल तर ९६ तास. १२ मे २०२१ च्या आदेशात राज्यात शिरण्याआधी जास्तीत जास्त ४८ तासांत ‘दिलेला’ रिपोर्ट असं होतं, म्हणजे रिपोर्ट निघाल्याची वेळ. त्यातच परराज्यातून येणाऱ्या मालट्रकच्या चालक आणि क्लीनरसाठी हा रिपोर्ट सात दिवस चालेल अशी वेगळी ओळ होती. वाक्यातला एक शब्द हलला की हातातला वेळ जवळजवळ एका दिवसाने कमी-जास्त होतो.

हिशेब नेहमी उलटा करायचा. समजा विमान शुक्रवारी संध्याकाळी सहाला उतरणार आणि नियम आहे ‘उतरण्याआधी ७२ तासांच्या आत घेतलेला नमुना’. मग मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आधी दिलेला स्वॅब बाद. प्रयोगशाळेला २४ तास लागतात असं धरलं आणि गर्दीसाठी आणखी थोडे तास सोडले, तर रिपोर्ट शुक्रवारी दुपारी हातात पडायला गुरुवारी सकाळनंतर स्वॅब देणं धोक्याचं. मधला मोकळा काळ मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ. सर्वांत सुरक्षित वेळ बुधवारी सकाळी प्रयोगशाळा उघडताना. आता नियम ४८ तासांचा करा. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आधीचा नमुना चालणार नाही, संध्याकाळनंतर बरीच केंद्रं बंद, म्हणजे उरली गुरुवारची सकाळ. एकच संधी. रविवार किंवा सण मध्ये आला तर तीही नाही. अशा वेळी विमानाची वेळ बदलणं चाचणीच्या वेळेशी झगडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

‘नियोजित वेळ’ हे दोन शब्द आदेशात आहेत का, तेही बघा. असतील तर विमानाला उशीर झाला तरी रिपोर्ट शिळा होत नाही. नसतील तर सहा तासांचा उशीर तुमच्या अंगावर येतो. मधला थांबा असलेल्या प्रवासात तर विचारूनच घ्यावं, की वेळ पहिल्या उड्डाणाची धरायची की शेवटच्या.

घड्याळाचा दुसरा घोटाळा टाइमझोनचा. ११ मार्च २०२० ला भारताने बहुतेक व्हिसा स्थगित केले, तेव्हा आदेशात वेळ होती १३ मार्च, दुपारी १२, ग्रिनिच प्रमाणवेळ, आणि पुढे शब्द होते ‘निघण्याच्या ठिकाणी’. आपल्या घड्याळात ती वेळ संध्याकाळी साडेपाच. शिवाय ती मुंबईत उतरण्याची नव्हे, तिकडून उड्डाण करण्याची. न्यूयॉर्कहून निघणाऱ्याच्या दृष्टीने ती १३ तारखेच्या सकाळची गोष्ट. बातम्यांच्या मथळ्यात मात्र फक्त ‘१३ मार्चपासून’ आलं.

रिपोर्टवर काय काय छापलेलं हवं, ते नमुना देतानाच सांगा. पासपोर्टावर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, रिपोर्टची तारीख आणि वेळ, चाचणीचा प्रकार आणि क्यूआर कोड. आपल्याकडे नाव हा हमखास अडचणीचा भाग. आधार कार्डावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात, प्रयोगशाळेच्या नोंदीत नुसतं ‘एस. पाटील’. संयुक्त अरब अमिरातीला जाणाऱ्यांना २०२१ च्या ऑगस्टमध्ये ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला रिपोर्ट तर लागायचाच, वर विमान सुटण्याआधी काही तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआरही करावा लागे. त्यासाठी नेहमीपेक्षा बरंच लवकर पोहोचावं लागे, हे तिकिटावर कुठेही लिहिलेलं नसायचं.

लस एकच, दाखल्याची गोष्ट वेगळी

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड ही ॲस्ट्राझेनेकाचीच लस. जागतिक आरोग्य संघटनेने तिला फेब्रुवारी २०२१ मध्ये आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं होतं. तरीही १ जुलै २०२१ ला युरोपीय संघाचं डिजिटल प्रमाणपत्र सुरू झालं, तेव्हा त्यांच्या औषध नियामकाच्या यादीत पुण्यात बनलेल्या लशीचं नाव नव्हतं. मग एकेका देशाने स्वतंत्रपणे तिला मान्यता दिली. म्हणजे एका युरोपीय देशात चालणारा दाखला शेजारच्या देशात चालेलच असं नव्हतं.

ब्रिटनची गंमत याहून मोठी. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी ४ ऑक्टोबरपासूनचे नवे नियम जाहीर केले. आधी कोविशिल्ड यादीतच नव्हती. ओरड झाल्यावर २२ तारखेला तिचं नाव घातलं, पण भारत हा देश मान्य दाखल्यांच्या यादीत नव्हता. लस चालते, तिचा दाखला चालत नाही! वादाचा एक मुद्दा होता जन्मतारखेचा. कोविन या भारताच्या सरकारी लसीकरण संकेतस्थळाच्या दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचं क्वारंटाइन लावून उत्तर दिलं, कोविनवर परदेशप्रवासासाठी पूर्ण जन्मतारखेचा दाखला आला आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने तो मानला.

यातून प्रवाशाने घ्यायचे प्रश्न चार. लस त्यांच्या यादीत आहे का? ज्या देशाने दाखला दिला तो देश यादीत आहे का? दुसऱ्या डोसनंतर किती दिवस व्हावे लागतात? आणि किती दिवसांनी तो दाखला शिळा होतो? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. १ फेब्रुवारी २०२२ पासून युरोपीय संघात प्रवासासाठी बूस्टरविना दाखला २७० दिवसच चालत होता. आजारातून बरं झाल्याचा दाखला पॉझिटिव्ह चाचणीनंतर ११ व्या दिवसापासून १८० व्या दिवसापर्यंत चालत असे. हा दुसरा दाखला फार उपयोगाचा, कारण बरं झाल्यावरही काहींचा आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहतो. अशा माणसाने जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट जपून ठेवायला हवा. अनेकांनी तो सुटल्याच्या आनंदात फाडून टाकला.

सवलती बहुधा आदेशाच्या तळाशी किंवा वेगळ्या कागदावर असतात. मे २०२१ मध्ये कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं आणि ऑगस्टमध्ये परदेशी विद्यापीठात जायचं असलेली मुलं हवालदिल झाली. ७ जूनला केंद्राने विद्यार्थी, परदेशी नोकरीला जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकचे खेळाडू यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा दिली. दाखल्यावर पासपोर्ट क्रमांक घालून घ्यायचा, ही त्यातली अट. मुलांबद्दलची कलमंही अशीच शोधावी लागतात. १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. त्याआधी ‘दोन डोस घेतलेल्यांना प्रवेश’ या ओळीत घरातला सोळा वर्षांचा मुलगा कुठे बसतो, हे आदेशाच्या व्याख्यांत बघणं भाग होतं.

कोल्हापूरहून गडहिंग्लजला

देशांतर्गत प्रवासातला मधला थांबा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूरहून गडहिंग्लजला महामार्गाने जाताना गाडी निपाणीकडून, म्हणजे कर्नाटकातून जाते. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, तरी मध्ये राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका. १५ जुलै २०२१ ला महाराष्ट्राने दोन डोस पूर्ण होऊन पुरेसे दिवस झालेल्यांना आरटीपीसीआरमधून सूट दिली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, जुलैअखेर, कर्नाटकाने महाराष्ट्र आणि केरळहून येणाऱ्यांना लस झालेली असो वा नसो, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर सक्तीचा केला. ‘आमच्याकडे लागत नाही’ हे नाक्यावर सांगून उपयोग नव्हता. परतताना लागू होणारा नियम महाराष्ट्राचा, जाताना कर्नाटकाचा. मुरगूड-उत्तूरकडून जाणारा आतला रस्ता वेळखाऊ, पण त्यावर राज्याची सीमा लागत नाही.

म्हणून नकाशा उघडून वाटेतल्या सगळ्या सीमा आधी मोजाव्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, ते पॉझिटिव्हिटी दर, म्हणजे शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह, आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या आहेत यावर. त्यातही ई-पास लागत होता तो पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यातून येणाऱ्याला. आणि स्तर आठवड्याला बदलायचे. गुरुवारी मोकळा असलेला जिल्हा सोमवारी वेगळ्या स्तरात असू शकत होता.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हीच गोष्ट ‘गेल्या १४ दिवसांत कुठे होतात’ या प्रश्नातून येते. मे २०२१ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांवर बंदी घातली. ती पासपोर्ट कुठला यावर नव्हती, मागच्या १४ दिवसांच्या मुक्कामावर होती. ऑस्ट्रेलियाने तर ३ ते १५ मे या काळात मागचे १४ दिवस भारतात राहिलेल्या आपल्याच नागरिकांना परत यायला मनाई केली आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंग किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला. पासपोर्ट असला की आपला देश आपल्याला घेणारच, हा भरवसा त्या दिवसांत तुटला. परतीच्या नियमांकडे जाण्याच्या नियमांइतकंच लक्ष द्यायचं ते यासाठी. भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या देशांत, २३ एप्रिल २०२१ ला पहाटे चारला गेला. त्यानंतर उतरलेल्या, तिकडे राहण्याचा हक्क असलेल्या माणसाला सक्तीच्या हॉटेलात दहा दिवस काढावे लागले, एकट्या प्रौढासाठी खर्च १,७५० पौंड. आदल्या दिवशी उतरलेल्याला हा खर्च नव्हता.

आदेश वाचायचा कसा

मूळ आदेश मिळवा. बातमी हा फक्त सुगावा. सरकारी कागद वाचायला कंटाळवाणा असतो खरा, पण त्याची रचना ठरलेली असते आणि बघायच्या जागा मोजक्याच आहेत.

आधी तारीख. महाराष्ट्राच्या ‘मिशन बिगिन अगेन’ आणि ‘ब्रेक द चेन’च्या कितीतरी आदेशांवर महसूल व वन विभागाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेचा एकच फाइल क्रमांक असायचा: डीएमयू/२०२०/सीआर ९२/डिसएम-१. क्रमांक तोच म्हणजे आदेश तोच असं नाही. ओळख पटते ती सहीच्या तारखेवरून.

मग लागू होण्याची आणि संपण्याची वेळ. ‘तात्काळ प्रभावाने’, ‘००.०१ वाजल्यापासून’, ‘पुढील आदेशापर्यंत’. शेवटचे शब्द असतील तर महिनाभर नवी बातमी आली नाही म्हणून नियम संपला असं समजू नये.

त्यानंतर जुन्या आदेशाशी नातं. ‘यापूर्वीचे आदेश अधिक्रमित करून’ असेल तर जुनं सगळं गेलं, हा एकच कागद वाचा. ‘या आदेशास अनुसरून’ किंवा ‘पूरकपत्र’ असेल तर जुना आणि नवा दोन्ही लागतात. नव्यात ज्याचा उल्लेख नाही ते जुन्याप्रमाणेच चालू राहतं. ‘शुद्धिपत्रक’ अर्ध्या पानाचं असतं आणि त्यात बहुधा नेमका तासांचा आकडा बदललेला असतो. ‘स्पष्टीकरण’ म्हणून निघालेली प्रश्नोत्तरं मूळ आदेशापेक्षा जास्त कामाची, कारण ‘टॅक्सीने विमानतळावर गेलं तर चालेल का’ असले खरे प्रश्न तिथे असतात.

शेवटी सही कुणाची. मुख्य सचिवांची असेल तर राज्यभर, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर जिल्ह्यात, आयुक्तांची असेल तर महापालिकेच्या हद्दीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कागदांत पूर्ण खोटे असतात, पण त्याहून घातक असतात ते खरेच, फक्त जुने आणि वरची तारीख कापलेले. तारीख, क्रमांक आणि सही या तिन्ही गोष्टी एकाच पानावर दिसत नसतील तर तो कागद पुढे पाठवू नये. केंद्राच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराची शहानिशा पत्र सूचना कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग करतो.

केव्हा बघायचं

रोज बघत बसण्यात अर्थ नाही, जीव टांगणीला लागतो आणि हाती काही येत नाही. तिकीट काढण्याआधी एकदा बघा. तेव्हा तपासायचं, की प्रवास मुळात शक्य आहे का, मधल्या थांब्याच्या देशातून जायला परवानगी आहे का, आणि तारीख बदलली तर पैसे किती कापतात. निघायच्या सात दिवस आधी दुसऱ्यांदा: चाचणीचा दिवस, वेळ आणि प्रयोगशाळा ठरवण्यासाठी. नमुना देण्याच्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा, कारण तासांचा आकडा बदलला असेल तर आत्ताच कळलेलं बरं. चौथ्यांदा निघण्याच्या २४ तास आधी, ऑनलाइन फॉर्म भरताना. भारतात येणाऱ्यांसाठी तेव्हा ‘एअर सुविधा’ नावाचं स्वयंघोषणापत्र होतं. त्यात मागच्या १४ दिवसांचा प्रवास भरायचा आणि रिपोर्ट चढवायचा, तोही पासपोर्टाच्या प्रतीबरोबर. विमानतळाच्या वायफायवर उभ्याने तो भरणाऱ्यांची उड्डाणं चुकली, कारण फाइलचा आकार मोठा झाला की पान अडून बसायचं.

प्रत्येक वेळी पान बघितलं की त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. कागदांच्या दोन छापील प्रती, एक हातातल्या पिशवीत, एक सामानात. फोनची बॅटरी नेमकी रांगेत संपते.

आज यातलं बरंच मागे पडलं आहे. एअर सुविधा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. १ जानेवारी २०२३ पासून ती चीन, जपान, दक्षिण कोरिया, हाँगकाँग, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांसाठी काही आठवडे परत आली, फेब्रुवारीत पुन्हा गेली. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण करोनाआधीपासून चालत आलेला एक नियम अजून तसाच आहे आणि केनिया-युगांडाच्या सफारीला निघालेल्या कितीतरी लोकांना तो शेवटच्या आठवड्यात कळतो. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लशीचा पिवळा दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतो. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, त्यामुळे जुना असेल तर पुन्हा टोचायची गरज नाही. ही लस ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि केंद्रांचे वार ठरलेले असतात. दाखल्याविना त्या देशांतून भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवलं जाऊ शकतं. तिकीट पंधरा दिवसांवर आलं असेल, तर आधी केंद्राला फोन करून पुढचा वार विचारा.